आधी तापू द्यावं लागतं

माझ्या काकांना आमच्याकडे सगळे पाठीमागे ‘झालंच’ म्हणतात. तोंडावर दादा, काका, अहो. पाठ वळली की झालंच. कारण त्यांना काहीही विचारा, उत्तर तेच. पंखा दुरुस्त झाला का? झालंच. घड्याळ? झालंच. आणि ते म्हणायची एक पद्धत आहे. ‘झा’वर जरा रेंगाळायचं, स्क्रूड्रायव्हरने हवेत एक गोल काढायचा, भुवया वर न्यायच्या, आणि उरलेला शब्द असा सोडायचा की विचारणाऱ्यालाच वाटावं, आपण उगाच घाई केली, चार मिनिटं थांबलो असतो तर काय बिघडलं असतं.

नोकरीत असताना काका लिफ्ट-तपासनीस होते. इमारतींमधून फिरायचे, लिफ्टचं दार सरकवायचे, आत डोकं घालून ‘हंऽऽ’ म्हणायचे, बाहेर येऊन रुमालाला हात पुसायचे आणि कागदावर लिहायचे : चालू स्थितीत. खाली सही. सही मात्र अशी डौलदार की लिफ्ट पडली तरी सही पडू नये. स्वतः ते आयुष्यात लिफ्टमध्ये चढलेले नाहीत. राहतात आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर, सगळ्यात वरच्या मजल्यावर. पण भाजीच्या पिशव्या घेऊन धापा टाकत जिनाच चढतात. कोणी विचारलं तर म्हणतात, “व्यायाम.”

काकू म्हणतात, “व्यायाम कसला! आपल्या लिफ्टवर सही कोणाची आहे ते माहीत आहे ना ह्यांना.”

निवृत्त झाले आणि शहरातल्या लिफ्टा सुटल्या, घरातल्या वस्तू सापडल्या. मिक्सर आता डावीकडे कलंडवून धरला तरच फिरतो, म्हणून काकू वाटण वाटताना स्वतःही डावीकडे कलतात. दाराच्या घंटीचं तर काय सांगावं! बाथरूमचा दिवा लावला की ती वाजते, आणि पाहुणे दारात उभे राहून नुसत्या हाका मारतात. काका म्हणतात, “मुळात काय आहे, दोन्ही वायरी एकाच रंगाच्या होत्या.” प्रत्येक वाक्याच्या आधी ‘मुळात काय आहे’ लागतंच. त्याशिवाय तोंड उघडत नाही, जसं किल्लीशिवाय कुलूप.

काकूंनी ह्या विषयावर त्यांच्याशी बोलणं कधीच सोडून दिलं. त्या फ्रिजशी बोलतात. “तू नशीबवान बाबा,” त्याच्या दारावर हात फिरवून म्हणतात, “तुझ्या पाठीचे स्क्रू अजून सापडले नाहीत कोणाला.”

पण हे सगळं किरकोळ. खरं प्रकरण म्हणजे आजोबांचा रेडिओ.

आजोबा, म्हणजे काकांचे आणि माझ्या बाबांचे वडील, शिंपी होते. दुकानात मशीनच्या वर फळीवर तो रेडिओ असायचा. लाकडी, पॉलिश केलेला, दोघांनी मिळून उचलावा एवढा पेटारा. पुढे जाळीदार कापड, दोन मोठी बटणं, आणि मध्ये लांबट काच, जिच्यावर जगभरच्या शहरांची नावं बारीक अक्षरात छापलेली. मागे पिवळा दिवा लागला की ती शहरं उजळायची. त्या आवाजाच्या तालावर आजोबांनी निम्म्या शहराच्या पँटी शिवल्या. पुढे डोळे अधू झाले, दुकान बंद झालं, रेडिओ घरी आला. वाजत होता. चांगला वाजत होता. जरा घरघरायचा, एवढंच.

काका तेव्हा नुकते नोकरीला लागले होते. म्हणाले, “बाबा, घरघर तेवढी काढून देतो. रविवारपर्यंत झालंच.”

तो रविवार काही आला नाही. मध्ये आत्याचं लग्न झालं, मी जन्मले, आत्याच्या मुलांची लग्नं झाली, काका निवृत्त झाले. रेडिओ मागच्या खोलीत टेबलावर, चादर पांघरून, कायमचा दवाखान्यात दाखल झाल्यासारखा पडून राहिला.

तो वाजत नव्हता, पण त्याच्यावरचं व्याख्यान बाकी जोरात चालू होतं. घरात कोणतंही पोर आलं की काका त्याला धरून टेबलासमोर बसवायचे, चादर दूर करायचे आणि सुरू. “मुळात काय आहे, हे व्हॉल्व्ह. काचेचे. दिव्यासारखे. आत तार. ती तार तापली पाहिजे. तुमचं आजकालचं कसं, बटण दाबलं की लागलं बोंबलायला. ह्याला आब आहे! बटण दाबा आणि गप्प बसा. आधी तापू द्यावं लागतं.” इथे बोट वर. “मग घरघर. घर्रर्रर्र. मग खाकरणार. अह्हं, अह्हं. आणि मग आवाज! असा, लोण्यासारखा.” आम्हा सगळ्या भावंडांना हे पाठ आहे, बोटासकट. कोणाचा कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागला की आम्ही सगळे बोट वर करून एका सुरात म्हणतो : आधी तापू द्यावं लागतं.

ही सगळी मजा आत्याच्या फोनने संपली.

आत्या काकांची धाकटी बहीण. तिचं कोणतंही भांडण ‘हे बघ दादा, मी भांडायला फोन केलेला नाही’ ह्या वाक्याने सुरू होतं. त्या दिवशीही तसंच झालं.

“हे बघ दादा, मी भांडायला फोन केलेला नाही. पण तो पेटारा तिकडे कुजत पडलाय. आमच्या नव्या हॉलमध्ये मी त्यात माशांची टाकी बसवून घेणार आहे. सुतार म्हणाला, आतलं सगळं काढून टाकलं की झकास बसेल.”

“आतलं काढून?” काकांचा आवाज चिरकला.

“मग काय! बंदच आहे ना तो?”

आता इथे माणसाने काय बोलायला हवं होतं? हो, बंद आहे, पण मी करतोय. काकांनी तसं तोंड उघडलंही. पण आयुष्यभराची सवय जिभेवर बसली होती. तोंडातून आपोआप निघालं : “चालू स्थितीत आहे.”

फोन स्पीकरवर होता आणि आजोबा शेजारी खुर्चीत होते. दुकान जाऊन इतका काळ लोटला तरी ते गळ्यात टेप घालूनच बसतात. त्यांनी मान वळवली. “चालू आहे? मग ऐकव.”

“ऐकवतो ना, बाबा! तुमच्या वाढदिवसाला. सगळ्यांसमोर.”

“तोवर मी चालू स्थितीत असेन ना?” आजोबा म्हणाले.

तिकडून आत्या म्हणाली, “ठरलं तर मग. वाजला तर राहिला तिथेच. नाही वाजला तर पेटारा माझा. बाबा, तुम्ही साक्षीला आहात.”

आजोबांनी हरकत घेतली नाही, आणि काकांचं खरं दुखणं तेच होतं. पेटाऱ्याचं काय, जाईल नाही तर राहील. पण आजोबांनी शिवलेल्या पँटी घालून लोक अजून रस्त्याने फिरतात, आणि काकांनी पुरी केलेली एकही वस्तू आजोबांनी अजून पाहिलेली नाही. ‘छान केलंस’ हे दोन शब्द त्या म्हाताऱ्याच्या तोंडून काकांच्या वाट्याला कधीच आले नव्हते. रेडिओच्या जागी मासे पोहायला लागले असते, तर ते यायची शक्यताही संपली असती. निवृत्त माणूस, डोक्यावर टक्कल, आणि पास होण्यासाठी धडपड पहिलीतल्या पोराची.

लागले कामाला. पण काकांची कामाची एक रीत आहे. ते काहीही उघडायचं म्हटलं की सगळंच उघडतात. बिघाड एका जागी असेल, हे त्यांच्या मनाला पटतच नाही. दुपारपर्यंत काकूंच्या जेवणाच्या सगळ्या ताटांमध्ये रेडिओ वाढलेला होता. एका ताटात व्हॉल्व्ह, एकात मेण वितळलेले कंडेन्सर, एकात स्क्रू आणि कसल्या कसल्या तारांची शेपटं.

“फ्रिजा,” काकू म्हणाल्या, “आज आपण पोळी हातावर घेऊन खायची हं.”

मग काकांना ती शहरांच्या नावांची काच दिसली. धुळीने काळवंडलेली. म्हणाले, “आधी हिला लख्ख करू.” भांड्यांचा साबण घेतला, घासणी घेतली आणि काच सिंकमध्ये धरून अशी घासली, अशी घासली की बस्स. धुतली, उजेडात धरली. लख्ख होती. इतकी लख्ख की तिच्यावर काहीच नव्हतं. छपाई काचेच्या मागच्या बाजूला नुसत्या रंगाची होती. सगळ्या जगातली शहरं साबणाच्या फेसातून मोरीत निघून गेली होती.

काकांनी काच उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, “मुळात काय आहे, स्टेशन अंदाजानेच लावायचं असतं.”

“एवढी शहरं धुतलीत,” काकू म्हणाल्या, आणि हे मात्र फ्रिजला नाही, थेट त्यांना, “आता हातासरशी तो चहाचा कपही विसळा.”

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मागच्या खोलीतून ‘फट्’ असा आवाज आला, जळक्या मेणाचा वास जिन्यातून आमच्या मजल्यापर्यंत उतरला, आणि पाठोपाठ काकांचा आवाज : “झालंच!”

त्याच संध्याकाळी काकूंचा स्वयंपाकघरातला वायरलेस स्पीकर नाहीसा झाला. तळहाताएवढा डबा तो, फोनवरून गाणी वाजवायचा. काकूंनी दोन कपाटं पाहिली, मग मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि फ्रिजला म्हणाल्या, “आपण काही बोलायचं नाही.”

वाढदिवसाला सगळे वरच्या घरात जमलो. आत्या आली ती हातात मोजायचा टेप घेऊनच, माशांच्या टाकीचं माप घ्यायला. आजोबांच्या गळ्यात एक टेप, आत्याच्या हातात एक टेप, आणि मध्ये रेडिओ. पॉलिश करून, पुसून, कोरी काच मिरवत टेबलावर बसलेला. दिसत होता मात्र राजबिंडा.

काकांनी घसा साफ केला. एक हात रेडिओच्या बटणावर, दुसरा पँटच्या खिशात. तो दुसरा हात खिशात काहीतरी शोधत होता, आणि चेहरा मात्र फीत कापायला आलेल्या पाहुण्याचा.

“तर बाबा,” ते म्हणाले, “ऐका.” आणि बटण फिरवलं.

खट्.

आणि आम्हा सगळ्यांच्या बाबतीत जे व्हायचं तेच झालं. कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळी पोरं गप्प झाली. सगळ्यांची बोटं वर गेली. आजोबांनी डोळे मिटून बोट वर केलं. आत्याचे दोन्ही हात आपोआप मानेमागे गेले, कारण लहानपणी ती हे बटण फिरवायची आणि आवाज येईपर्यंत शाळेची एक वेणी घालून घ्यायची.

वेणीचा पहिला पेडही व्हायचा होता. रेडिओतून ढणढणीत गाणं सुरू झालं. स्वच्छ, खणखणीत, घरघर नाही, खाकरणं नाही. आमची बोटं तशीच हवेत.

खोलीत जुनं, गोड गाणं वाजत होतं आणि कोणीही ते ऐकत नव्हतं. सगळे काकांकडे पाहत होते. ज्या माणसाने आम्हाला बोट वर करायला शिकवलं, तो एकटाच बोट खाली ठेवून उभा होता, कारण ते खिशातल्या फोनवर होतं.

आजोबांनी डोळे उघडले. “बंद कर.”

काकांनी बटण फिरवलं. गाणं चालूच. मग खिशातला हात हलला तेव्हा कुठे थांबलं.

“परत लाव.”

खट्. ढणढण.

“हे बघ दादा,” आत्या हात खाली घेत म्हणाली, “मी भांडायला आलेली नाही. पण माझी वेणी कुठे झाली?”

“मुळात काय आहे...” काकांनी सुरुवात केली.

“मुळात,” आजोबा म्हणाले, “हा माझा रेडिओ नाही. माझा रेडिओ आधी घसा साफ करतो. हा कोणा शेजाऱ्याचा बडबड्या पोरगा आत बसवलायस तू.”

काकू उठल्या, रेडिओच्या मागे हात घातला, आपला स्पीकर काढला, पदराने पुसला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. तिकडून फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. बोलण्याचा मात्र आला नाही. इतकं वाईट त्या घरात आधी कधी झालं नव्हतं.

आत्याने पेटाऱ्याचं माप घेतलं. रविवारी टेम्पो येईल म्हणाली. केक कापला, पण सगळे असे खात होते जसा कोणाचा तरी निकाल लागलाय. काका खिडकीत उभे होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही, त्यामुळे त्यांना ‘झालंच’ म्हणायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा काठी टेकत मागच्या खोलीत गेले. टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसले आणि सगळी ताटं आपल्या मांडीजवळ ओढून घेतली. स्क्रूड्रायव्हर उचलून शर्टाच्या खिशात घातला.

“बाबा, हे काय?”

“एक उसवायचं, ते शिवायचं, मग दुसरं उसवायचं. सगळी पँट एकदम उसवणारा शिंपी मी पाहिला नाही. घे, एक भाग देतो. तो बसल्याशिवाय दुसरा मागायचा नाही.”

“पण तांत्रिकदृष्ट्या...”

“हात पुढे कर.”

आजोबांना रेडिओतलं ओ की ठो कळत नाही. काका म्हणायचे, “बाबा, तो पिवळा द्या,” तर आजोबा विचारायचे, “आधीचा बसला का?” बसला म्हटलं तर, “वाजवून दाखव.” काकांना त्या पेटाऱ्याचं खरोखर बरंच कळत होतं, हे तेव्हा आम्हाला कळलं; फक्त इतकी वर्षं ते त्यांना एका वेळी एक असं कधी कळलंच नव्हतं. त्यांनी वीज थेट न जोडता मध्ये एक साधा दिवा जोडला. रेडिओत कुठे शॉर्ट असला तर दिवा भगभगतो, नसला तर मंदावतो. पहिल्यांदा भगभगला. परवा ‘फट्’ झालेला कंडेन्सर बदलला. मंदावला. वाकडं बोलणाऱ्या आजोबांना वाकडं बोलायला काही सापडेना. “हं,” म्हणाले, “पुढचा घे.”

मग काका मागून पुढे निघाले. स्पीकरच्या बाजूच्या एका टोकाला स्क्रूड्रायव्हर टेकवला. घुंऽऽ. म्हणजे इथून स्पीकरपर्यंत रस्ता साफ. त्याच्या अलीकडे टेकवला. घुंऽऽ. अजून अलीकडे. घुंऽऽ, जरा खरखरीत. प्रत्येक घुंऽऽ झाला की स्क्रूड्रायव्हर आजोबांच्या खिशात परत जायचा आणि मागून घ्यावा लागायचा. काकू चहा घेऊन दारात आल्या, तर त्याही दारातच उभ्या राहिल्या, कप हातात तसाच.

शेवटच्या टोकाला, जिथून स्टेशन पकडलं जातं तिथे, काहीच आलं नाही. काकांनी चष्मा वर सरकवला, खाली सरकवला, आत वाकून पाहिलं. कॉइलची एक बारीक तार कुठेही जोडलेली नव्हती. तुटलेली नव्हती, जळलेली नव्हती. कोणीतरी ती व्यवस्थित सोडवून, टोक वळवून, कापडी चिकटपट्टीने गुंडाळून बाजूला ठेवली होती. नंतर लावू म्हणून.

“ही कोणी काढली?” आजोबांनी विचारलं.

काकांनी ‘मु’ म्हटलं. मग ओठ मिटले. त्या चिकटपट्टीचा रंग उडाला होता.

“मी,” काका म्हणाले. “घरघर काढताना.”

खोलीत कोणी हसलं नाही, हे सांगताना मलाही आश्चर्य वाटतं. एवढी वर्षं तो रेडिओ बिघडलेलाच नव्हता. त्याला फक्त परत जोडायचं राहिलं होतं.

आजोबांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून पुढे केला. “शिव मग.”

रविवारी आत्या आली, खाली टेम्पो उभा, सोबत सुतार. काकांनी दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे समोर धरले, खिसे झटकून दाखवले आणि बटण फिरवलं.

खट्.

काही नाही. बोटं वर. आत्याचे हात मानेमागे गेले. केस आता कापलेले, वेणी घालायला काही नाही, तरी बोटं पेड घालत राहिली. वायरीत मध्ये जोडलेल्या दिव्याने एकदा डोळे वटारले आणि तो मंदावला. मागे काचेत केशरी ठिपके दिसायला लागले. सुतार म्हणाला, “बंद आहे वाटतं,” आणि आम्ही सगळे एकदम त्याच्यावर ओरडलो, “आधी तापू द्यावं लागतं!”

घर्रर्रर्र. मग अह्हं, अह्हं, अगदी काका करायचे तसंच. आणि मग कुठल्याशा अनोळखी भाषेत एक बाई सावकाश, शांतपणे काहीतरी वाचून दाखवत होती. हवामान असेल, भाव असतील, कोणाला कळणार?

“कुठलं स्टेशन आहे हे?” आत्याने विचारलं.

“ह्यांनी धुतलेल्यांपैकीच एखादं असेल,” काकू म्हणाल्या.

आजोबा बोट खाली करून ऐकत होते. काका त्यांच्याकडे पाहत होते, पाहत होते, इतके पाहत होते की आम्हालाच लाज वाटायला लागली. शेवटी आजोबांनी गळ्यातला टेप काढला, पेटाऱ्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लावला आणि आत्याला म्हणाले, “तुझे मासे ह्यात मावणार नाहीत.”

एवढंच. ‘छान’ नाही, काही नाही. पण काकांनी ते असं ऐकलं जसं मेडल गळ्यात पडलंय. आत्याने नाक मुरडलं, सुताराला हाताने खूण केली, टेम्पो रिकामा गेला.

आता काकांनी गप्प बसावं की नाही? त्यांनी मान तिरकी केली, कान रेडिओला लावला. भुवया वर गेल्या.

“बाबा, जरा घरघर आहे. ती तेवढी काढली की झा...”

आजोबांनी शर्टाच्या खिशावर हात दाबून धरला. स्क्रूड्रायव्हर आतच होता.

“घरघर माझी आहे,” ते म्हणाले. “तू आपला मिक्सर सरळ कर जा.”